क्वाग्गाचा आवाज आणि रानाचा वाद्यवृंद

सबंध कुटुंबाने एकत्र बसून दूरचित्रवाणीवर एखादा चित्रपट पाहावा, असे प्रसंग आता घरोघरी कमी झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असा एक प्रसंग आला. आफ्रिकेतील गवताळ मैदानावरून झेब्र्यांचा एक मोठा कळप धावत होता. टापांचा खडखडाट खोलीत भरून राहिला होता. मागे तंतुवाद्यांचे गंभीर संगीत चालू होते आणि निवेदक धीरगंभीर आवाजात स्थलांतराची महती सांगत होता. आम्ही सारे त्या दृश्यात रंगून गेलो असता आमची नात मध्येच म्हणाली, "आजोबा, कॅमेरा एवढा लांब आहे, मग टापा इतक्या जवळून कशा ऐकू येतात? आणि एवढे झेब्रे असून एकही ओरडत कसा नाही?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. वन्यजीवनावरील चित्रपट आम्ही वर्षानुवर्षे आवडीने पाहत आलो. परंतु झेब्रा ओरडतो कसा, हे आम्हांला माहीत नव्हते. सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार, कोल्हेकुई हे सारे कानांना परिचित आहे. झेब्र्याचे पट्टे मात्र मुळाक्षरांच्या तक्त्यापासून रस्ता ओलांडण्याच्या खुणेपर्यंत सर्वत्र आहेत आणि त्याचा आवाज कोठेच नाही. या अज्ञानाने आम्ही थोडे खजील झालो आणि बर्नी क्राउस या अमेरिकन ध्वनिमुद्रकाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला 'द ग्रेट ॲनिमल ऑर्केस्ट्रा' हा ग्रंथ पुन्हा हाती घेतला. निसर्गातील ध्वनींविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत या ग्रंथाचा बराच बोलबाला झाला आहे. त्याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र सुरुवात आम्ही नातीच्या प्रश्नापासूनच करणार आहोत, कारण या ग्रंथाचे मोल त्या प्रश्नाच्या कसोटीवरच कळते.

करवंट्यांच्या टापा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आणि काहीसे निराशाजनक आहे. दूरवरचे दृश्य जवळ आणणारी भिंगे आहेत. दूरवरचा आवाज तितक्याच निर्मळपणे जवळ आणणारे साधन नाही. अर्धगोल तबकडी लावलेला ध्वनिग्राहक एखाद्या पक्ष्याचे गाणे टिपण्यास उपयोगी पडतो; परंतु मोकळ्या माळावर वारा असतो, मोटारीचे इंजिन असते, चित्रीकरण करणाऱ्यांचे बोलणे असते. पाचशे पावलांवरून धावणाऱ्या कळपातील एकेक टाप त्यातून वेगळी काढता येत नाही. म्हणून वन्यजीवनपटातील जवळचे बहुतेक आवाज नंतर ध्वनिशाळेत तयार केले जातात. ही कला बोलपटाच्या आरंभीच्या काळात हॉलिवुडमध्ये वाढली आणि जॅक फोली या तंत्रज्ञाच्या नावाने आजही ओळखली जाते. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटणे, ही तिच्यातील सर्वांत जुनी युक्ती आहे. आपल्या किनाऱ्यावर करवंट्यांचे अनेक उपयोग माहीत आहेत. त्यांतला हा एक आम्हांला नवा होता!

याला फसवणूक म्हणावे काय? आम्ही तितके कठोर होणार नाही. चित्रपट ही रचलेली कलाकृती असते आणि प्रेक्षकाला हे ठाऊक असते, असे मानले जाते. निर्मातेही ही गोष्ट लपवीत नाहीत. विचारले तर सांगतात. परंतु नाटकातील पावसाचा आवाज आणि वन्यजीवनपटातील टापांचा आवाज यांत एक भेद आहे. नाटक 'हे खरे आहे' असा दावा करीत नाही. वन्यजीवनपट करतो. तो पाहणारा मुलगा आपण आफ्रिका पाहिली, ऐकली, असे समजून झोपी जातो. त्याने पाहिलेली आफ्रिका खरी असते. ऐकलेली मात्र करवंट्यांची असते.

या परंपरेच्या मुळाशी डोळ्यांचे वर्चस्व आहे. बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल या जर्मन पितापुत्रांनी सेरेंगेटीवर तयार केलेला १९५९ सालचा चित्रपट या प्रकारातील एक मानदंड मानला जातो. 'सेरेंगेटी मरता कामा नये' असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या एका छोट्या विमानातून या दोघांनी त्या मैदानातील प्राण्यांची मोजणी केली. १० जानेवारी १९५९ रोजी त्याच विमानाची गिधाडाशी टक्कर होऊन मिखाएल वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण पावला. गोरोंगोरो विवराच्या काठावर त्याची कबर आहे. पुढे या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि सेरेंगेटीच्या रक्षणाच्या बाजूने जगाचे मन वळविण्यात त्याचा मोठा वाटा होता. पित्याने पुत्राचे मोल देऊन पुरे केलेले ते काम आहे आणि त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. विमानातून मोजणाऱ्याला खालचा कळप दिसतो, त्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीखाली बुडालेला असतो. त्या दिवसापासून आजपर्यंत वन्यजीवनपट बव्हंशी असाच, वरून आणि लांबून पाहणारा, निवेदन व संगीत यांच्या आधाराने चालणारा राहिला आहे.

मुका नसलेला प्राणी

आता दुसरा प्रश्न. झेब्रा ओरडत नाही काय? भरपूर ओरडतो. झेब्र्याच्या तीन जाती आहेत: मैदानी झेब्रा, डोंगरी झेब्रा आणि उत्तर केनिया व इथिओपियात उरलेला, सुमारे तीन हजारांच्या घरात संख्या असलेला ग्रेव्हीचा झेब्रा. ग्रेव्हीच्या झेब्र्याचा नर आपल्या हद्दीत गाढवासारखा कर्कश रेकतो. मैदानी झेब्र्याची हाक मात्र घोड्यासारखी नाही आणि गाढवासारखीही नाही. 'क्वा-हा, क्वा-हा' अशी ती तुटक, चढती, धापा टाकल्यासारखी हाक आहे. प्रथम ऐकणाऱ्याला एखादे लहान कुत्रे भुंकते आहे असे वाटेल. एवढ्या देखण्या प्राण्याच्या तोंडी हा आवाज प्रेक्षकांना विजोड वाटेल म्हणून तर तो चित्रपटांतून क्वचित ऐकू येत नसेल ना, अशी आम्हांला शंका येते.

या आवाजांचा शास्त्रीय अभ्यास नुकता कोठे जोमाने सुरू झाला आहे. 'रॉयल सोसायटी ओपन सायन्स' या नियतकालिकात २०२४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात संगणकाच्या साहाय्याने मैदानी झेब्र्याच्या आवाजांचे किमान चार प्रकार वेगळे केले आहेत: फुरफुरणे, हलके फुरफुरणे, किंचाळणे आणि ती प्रसिद्ध 'क्वाग्गा-क्वाग्गा' हाक. यांतील कोणत्या आवाजावरून एक झेब्रा दुसऱ्याहून वेगळा ओळखता येतो, याचीही तपासणी अभ्यासकांनी केली. वाचकांची अपेक्षा मोठ्या हाकेबद्दल असेल. परंतु व्यक्तिगत वेगळेपण प्रामुख्याने आढळले ते साध्या फुरफुरण्यात आणि काही प्रमाणात किंचाळण्यात. ज्या आवाजाकडे आपण नाक साफ करणे म्हणून दुर्लक्ष करू, त्यात त्या प्राण्याची ओळख दडलेली निघाली. मैदानी झेब्रा हा एक नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले अशा छोट्या कुटुंबात राहतो. सेरेंगेटी आणि मसाई मारा या सलग प्रदेशात सुमारे दोन लाख झेब्रे आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक वाइल्डबीस्ट फिरत असतात. एवढ्या गर्दीत आपले माणूस ओळखता येणे ही गोष्ट लहान नाही.

या जातीचे शास्त्रीय नावच तिच्या हाकेवरून आले आहे आणि त्या नावामागे एक दुःखद कहाणी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात पूर्वी मैदानी झेब्र्याचा एक उपप्रकार होता. त्याच्या मानेवर पट्टे होते, पाठीकडे ते पुसट होत जाऊन अंग तपकिरी दिसे. तेथील खोईखोई लोकांनी त्याच्या हाकेचे अनुकरण करून त्याला नाव दिले आणि त्यावरून 'क्वाग्गा' हा शब्द रूढ झाला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मांसासाठी, कातड्यासाठी आणि आपल्या गुरांना चारा उरावा म्हणून त्याची बेसुमार शिकार केली. शेवटची क्वाग्गा मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅम येथील प्राणिसंग्रहालयात मरण पावली. ती आपल्या वंशातील शेवटची आहे, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

या क्वाग्गाचे आज काय उरले आहे? लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीची पाच छायाचित्रे आहेत. निरनिराळ्या संग्रहालयांत पेंढा भरलेली २३ कातडी आहेत. १९८४ साली अशाच एका जुन्या कातड्यातून शास्त्रज्ञांनी डीएनए मिळविला; नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए अभ्यासला गेल्याचे ते पहिले उदाहरण. १९८७ पासून दक्षिण आफ्रिकेत निवडक मैदानी झेब्र्यांच्या पैदाशीतून क्वाग्गासारखा रंग पुन्हा आणण्याचा प्रकल्प चालू झाला आणि तसे दिसणारे प्राणी जन्मलेही. कातडे आहे, चित्र आहे, पेशींतील लेख आहे. आवाज तेवढा नाही. तो असू शकला असता काय? एडिसनने फोनोग्राफ शोधला १८७७ साली, म्हणजे क्वाग्गा मरण्याच्या सहा वर्षे आधी. पक्ष्याच्या गाण्याचे पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण झाले १८८९ साली, म्हणजे ती मेल्यावर सहा वर्षांनी. लुडविग कॉख या आठ वर्षांच्या जर्मन मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातील एका शामाचे गाणे उतरविले. शामा म्हणजे आपल्या पश्चिम घाटातील झाडीतही गाणारा तो लांब शेपटीचा पक्षी. त्या काळची यंत्रे बोजड होती आणि प्राण्याचा आवाज जपून ठेवावा, ही कल्पनाच कोणाला सुचली नव्हती. तेव्हा दोष कोणाला द्यायचा? मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. क्वाग्गाच्या हाकेची एक नोंद आज आपल्यापाशी आहे, ती म्हणजे तिचे नाव. ज्या लोकांनी ती हाक नीट ऐकून आपल्या जिभेवर धरून ठेवली, त्यांच्या केपमधील बोलीही पुढे जवळजवळ लोपल्या.

क्राउस यांचे कान

आता क्राउस यांच्या ग्रंथाकडे वळू. १९३८ साली जन्मलेले क्राउस हे मूळचे संगीतकार. 'द वीव्हर्स' या प्रसिद्ध लोकगीतवृंदात ते गायले. पुढे पॉल बीव्हर यांच्याबरोबर विद्युत् संश्लेषक वाद्यावर त्यांनी नाव कमावले आणि हॉलिवुडच्या चित्रपटांसाठीही काम केले. १९६८ साली एका संगीताच्या ध्वनिमुद्रिकेसाठी रानातले आवाज हवे होते, म्हणून ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युअर वुड्स या अरण्यात यंत्र घेऊन गेले. कानांवर श्रवणयंत्र चढवून त्यांनी प्रथमच ती शांतता मोठी करून ऐकली आणि त्यांचे आयुष्य बदलले. हा सारा भाग ग्रंथात मोकळेपणाने, स्वतःला थोर न ठरविता आला आहे. कृत्रिम ध्वनींच्या कारखान्यातून बाहेर पडून एक माणूस रानाकडे गेला, हे या ग्रंथाच्या विश्वसनीयतेचे मोठे कारण आहे. करवंट्यांचे जग त्यांनी आतून पाहिले होते.

ग्रंथाचा मध्यवर्ती विचार असा: रानातील आवाज तीन प्रकारचे असतात. वारा, पाणी, पाऊस यांचे भूध्वनी, प्राण्यांचे जीवध्वनी, आणि माणसाने व त्याच्या यंत्रांनी केलेले मानवध्वनी. यांतील जीवध्वनी हा नुसता कल्लोळ नसतो. १९८३ साली कॅलिफोर्नियातील एका संग्रहालयाच्या आफ्रिकन दालनासाठी ते मसाई मारामध्ये ध्वनिमुद्रण करीत होते. थकून अर्धवट झोपेत असताना त्यांना प्रथम जाणवले, की समोरच्या काळोखातून येणारे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकाने आपापली जागा धरली आहे. घरी परतल्यावर त्यांनी त्या ध्वनीचा आलेख काढला. आलेखात कीटकांचा एक पट्टा होता आणि इतर प्राणी वर, खाली, मधल्या रिकाम्या जागांत नेमके बसलेले होते. ज्याला ऐकले जायचे आहे, त्याने दुसऱ्याचा आवाज झाकता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. आपल्या चर्चमधील गायनवृंदात ज्यांनी चार स्वरभाग सांभाळले आहेत, त्यांना हा विचार चटकन पटेल. म्हणूनच एखाद्या पक्ष्याचा आवाज भोवतालातून वेगळा काढून संग्रही ठेवण्याची जुनी रीत क्राउस यांना अपुरी वाटते. रानाचा आवाज सबंध ऐकला पाहिजे, हा त्यांचा आग्रह या ग्रंथाची खरी देणगी आहे.

याचे सर्वांत परिणामकारक उदाहरण सिएरा नेवाडा पर्वतातील लिंकन मेडो या कुरणाचे आहे. १९८८ साली तेथे वृक्षतोड होणार होती. तोडणाऱ्यांनी स्थानिकांना आश्वासन दिले होते, की सरसकट तोड न करता येथले एक, तेथले एक असे निवडक झाड तोडले जाईल आणि पर्यावरणावर काहीही परिणाम होणार नाही. क्राउस यांनी तोडीपूर्वी पहाटेचा आवाज मुद्रित केला. एका वर्षाने त्याच तारखेला, त्याच वेळी, तशाच हवेत त्यांनी पुन्हा मुद्रण केले. डोळ्यांना कुरण तसेच हिरवेगार दिसत होते. आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर फरक सांगता आला नसता. ध्वनिमुद्रणात मात्र ओढ्याचा खळखळाट आणि एका सुतारपक्ष्याची टकटक एवढेच उरले होते. पुढील पंचवीस वर्षांत ते तेथे पंधरा वेळा गेले. जुनी पहाट परतली नव्हती.

ही पाने वाचताना आम्ही थबकलो. छायाचित्र खोटे बोलत नव्हते आणि तरीही ते सत्य सांगत नव्हते. जे डोळ्यांआड झाले होते, त्याची साक्ष केवळ ध्वनीने दिली. क्वाग्गाच्या बाबतीत जे राहून गेले, ते येथे एका माणसाने वेळेवर केले होते.

आमचे मतभेद

ग्रंथाचे हे ऋण मान्य करून आता आमचे आक्षेप मांडतो.

पहिला आक्षेप शीर्षकातील रूपकावर आहे. वाद्यवृंद म्हटला की रचनाकार आला, स्वरलिपी आली, समोर श्रोते आले. रानातल्या प्राण्यांपाशी यांतले काही नाही. आपल्या कुटुंबापासून तुटलेला झेब्रा रात्री हाक देतो, तेव्हा सिंह शिकारीला निघालेले असतात. ती हाक म्हणजे जिवाचा धोका पत्करून केलेली विचारणा आहे. तिला वाद्यवृंदातील एक सूर म्हटले, की ऐकणाऱ्याला सुख होते. हाक देणाऱ्याचे संकट मात्र नजरेआड होते. रूपक हे वाचकाला दाराशी आणण्यापुरते असावे. क्राउस यांच्या लेखनात ते घरभर फिरते आणि कधी कधी पुराव्याच्या खुर्चीवर जाऊन बसते. प्रत्येक प्राण्याची ध्वनिजागा ठरलेली असते, हा सिद्धान्त शास्त्रज्ञांत अजून वादाचा आहे. काही ठिकाणच्या अभ्यासांत त्याला आधार मिळाला, काही ठिकाणी मिळाला नाही. ग्रंथाच्या ओघवत्या भाषेत हा वाद पुरेसा उमटत नाही.

दुसरा आक्षेप संगीताच्या उगमाविषयीच्या प्रकरणांवर आहे. माणसाने संगीत रानाकडून उचलले, असे लेखकाचे म्हणणे. ओरेगनमधील एका सरोवराकाठी अँगस विल्सन या नेझ पर्स जमातीच्या वृद्धाने बोरूच्या तुटक्या नळ्यांवरून वाहणारा वारा त्यांना ऐकविला आणि तेथेच एक नळी कापून बासरी करून वाजविली. हा प्रसंग ग्रंथातील सुंदर प्रसंगांपैकी एक आहे. परंतु मध्य आफ्रिकेतील अरण्यवासी बयाका लोकांच्या गायनाविषयी लिहिताना लेखकाचा सूर असा लागतो, की हे लोक जणू अरण्याचा प्रतिध्वनीच आहेत. त्यांचे बहुस्वरी गायन ही पिढ्यान् पिढ्यांच्या साधनेची कलानिर्मिती आहे. युरोपीय संगीतकाराने कोकिळेवरून स्वर घेतला तर ती त्याची प्रतिभा आणि अरण्यवासीयाने घेतला तर तो निसर्ग, असा दुजाभाव लेखकाच्या मनात नसेलही. पण लेखनात त्याची सावली पडली आहे.

तिसरा आक्षेप थोडा नाजूक आहे. क्राउस यांनी २०१३ सालच्या एका जाहीर व्याख्यानात एका बीव्हरचा आवाज ऐकविला. बीव्हर म्हणजे झाडे कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा जलचर प्राणी. काही वनरक्षकांनी विनाकारण त्याचा बांध सुरुंगाने उडविला. त्यात मादी आणि पिल्ले मेली. त्या रात्री वाचलेला नर पाण्यात संथपणे गोल गोल फिरत कण्हत होता. ते मुद्रण ऐकून डोळ्यांत पाणी उभे राहते. आमच्याही राहिले. तथापि, नंतर आम्ही स्वतःला विचारले: आधी ती हकिकत कानी पडली नसती, तर आम्हांला तो आवाज शोकाचा वाटला असता काय? कदाचित नसता. याचा अर्थ त्या प्राण्याला दुःख नव्हते असा नाही. त्याच्या दुःखाला त्याचा स्वतःचा आकार असेल. आम्ही त्यावर आमचा आकार बसविला, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे. टापांना करवंट्या जोडणे आणि आवाजाला भावना जोडणे, या दोहोंत अंतर पुष्कळ आहे. पण ऐकणाऱ्याने दोन्ही ठिकाणी सावध असावे.

साक्षीचे मोल

मग या ग्रंथाचे मूल्य कसे ठरवावे? आमच्या मते त्याचे दोन भाग पडतात. रानाला वाद्यवृंद समजून लिहिलेली पाने वाचनीय आहेत. ती आनंद देतात. रानाला साक्षीदार समजून लिहिलेली पाने मात्र टिकाऊ आहेत. लेखकाच्या संग्रहात साडेचार हजारांहून अधिक तासांची मुद्रणे होती. त्यांतील सुमारे निम्मी ज्या ठिकाणची होती, ती ठिकाणे आता एकतर मूक झाली आहेत किंवा पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत, असे त्यांनी सांगितले आहे. या संग्रहाकडे कोणी केवळ मनःशांतीचे संगीत म्हणून पाहू नये. २०१६ साली पॅरिसमध्ये त्यातील ध्वनी अंधाऱ्या दालनात आलेखांसह ऐकविले गेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियातील वणव्यात क्राउस यांचे घर, यंत्रे आणि टिपणवह्या जळून गेल्या. ध्वनिमुद्रणांच्या प्रती अन्यत्र ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

साक्ष खरी ठरण्यासाठी तिला ठावठिकाणा लागतो. कोणत्या जागेची, कोणत्या दिवसाची, कोणत्या वेळेची, हे सांगता आले पाहिजे. लिंकन मेडोच्या मुद्रणाचे बळ त्यातील पाखरांच्या गोडव्यात नाही. तीच तारीख, तीच वेळ, तीच जागा या काटेकोरपणात आहे. बाजारात 'अरण्यनाद' म्हणून विकल्या जाणाऱ्या ध्वनिफितींना आणि चित्रपटांतील आवाजांना हीच कसोटी लावावी. ज्या आवाजाला गाव नाही आणि दिवस नाही, तो सजावटीपुरता ठीक आहे. त्याला निसर्ग म्हणू नये. वन्यजीवनपटांच्या श्रेयनामावलीत चित्रीकरणाची स्थळे येतात, तसे कोणता ध्वनी स्थळावरचा आणि कोणता शाळेतला, हेही एका ओळीत सांगायला काय हरकत आहे? चित्रपटाची गोडी त्यामुळे उणावणार नाही आणि प्रेक्षकाचा विश्वास वाढेल.

लेख लिहून होण्यापूर्वी आम्ही नातीला मैदानी झेब्र्याची खरी हाक मिळवून ऐकविली. ती प्रथम हसली आणि "हा तर कुत्रा!" म्हणाली. मग तिने ती आणखी दोनदा ऐकली आणि विचारले, "तो कोणाला बोलावतोय?" या प्रश्नाचे उत्तरही आमच्यापाशी नव्हते, मात्र या वेळी खजील व्हावेसे वाटले नाही. क्राउस यांचे सबंध पुस्तक वाचून मनात उरावा असा प्रश्न जर कोणता असेल, तर तो हाच आहे.

आता प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत ध्वनिमुद्रणाची सोय असते. आपल्या कुटुंबांत लग्नाच्या आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या चित्रफिती जपून ठेवतात. त्यांच्या शेजारी आपल्या वाडीतील एका पहाटेचे दहा मिनिटांचे मुद्रण ठेवावे. त्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहावी आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा करावे. यासाठी कोणी तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येते, त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. त्यातील रूपकांना थोडे दूर ठेवून त्यातील पहाटांना जवळ करावे, एवढीच आमची शिफारस आहे.